केसरची गाडी

मला कुणी वायरिंगमधलं शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते याच डोक्यामुळं झालं. साखर कारखान्यात मी तीस वर्षं वायरमन होतो. रिटायर झालो तेव्हा हार घातला, नारळ दिला आणि साहेब म्हणाले, "गंगाराम, तुझ्याशिवाय कारखाना अंधारात जायचा." कारखाना दुसऱ्या दिवशीही झकास चालू होता. पण साहेबांचं ते वाक्य मी खरं मानून घरी घेऊन आलो.

दीड वर्षानं माझ्या बायकोला, केसरला, घशाचा कॅन्सर निघाला. पुण्याला नेलं. तिथं गळ्याला भोक पाडून नळी बसवली आणि तिचा आवाज गेला. जी बाई गल्लीच्या टोकावरून हाक मारून मला चहाच्या टपरीवरून उठवायची, ती पाटीवर लिहायला लागली. नशीब, साक्षरता वर्गात जाऊन अक्षरं शिकली होती. तेव्हा मी तिची चेष्टा करायचो की आता तलाठी होणार का म्हणून.

नळीत कफ साचायचा. तो ओढून काढायला विजेवर चालणारं एक मशीन लागायचं. बारामतीच्या एका डॉक्टरांनी आपलं जुनं मशीन दिलं आणि माझ्या सुनेला, ज्योत्स्नाला, ते चालवायला शिकवलं. तास-दोन तासांनी एकदा, दोन मिनिटं. कफ निघाला की केसर मोकळा श्वास घ्यायची आणि ज्योत्स्नाच्या हातावर थोपटायची. वीज गेली की आम्हा सगळ्यांचेच श्वास अडकायचे.

शहाण्णव सालच्या दसऱ्याला डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की फार दिवस नाहीत. मी केसरला बोललो नाही, पण तिला माझ्या तोंडावरून कळलं असणार. तिनं पाटीवर एकच शब्द लिहिला. आई. तिची आई, प्रयागबाई, बावड्याला. वय ऐंशीच्या घरात, खुबा मोडून खाटेला खिळलेली, डोळ्यांनीही अधू. ती इकडं येणं शक्य नव्हतं. केसरनंच तिकडं जायला हवं होतं, आणि जिवंत असताना जायला हवं होतं. बावड्याला मात्र वीज कधी जाईल आणि किती तास जाईल याचा नेम नव्हता.

मग मी चालतं घर करायचं ठरवलं. असं घर की ज्यात वीज स्वतःची असेल, वीज मंडळाच्या मेहेरबानीवर नसेल.

भंगारातून एक जुनी टायरगाडी आणली. तिच्या सांगाड्यावर पत्रा आणि प्लायवूडची खोली उभी केली. आत खाट, खिडकी, पंखा, ट्यूब, मशीनला फळी. खाली ट्रकची बॅटरी आणि बॅटरीच्या विजेवर मशीन चालवणारा, पुण्याहून आणलेला इन्व्हर्टर. माझा मुलगा विकी बारामती-इंदापूर रस्त्यावर वडापची, सीट भरून माणसं नेणारी जीप चालवायचा. त्या जीपमागं गाडी जोडायची, की निघालो. सांगाडा गंजलेला होता म्हणून घासून मी त्याला आकाशी रंग दिला. केसरला तो रंग आवडायचा. लोक बघायला यायचे, आणि मी बीडी ओढत त्यांना सगळं समजावून सांगायचो. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटायचं.

पण मशीन चालेना. म्हणजे चालायचं, दहा मिनिटं. मग इन्व्हर्टर कुंईकुंई करायचा आणि सगळं बंद. बॅटरी बदलली. दुसरी बॅटरी जोडीला लावली. वायर जाड टाकली. इन्व्हर्टर पुण्याला परत नेऊन तपासून आणला, तो चांगला होता. मीटर लावला की बॅटरी भरलेली दिसायची, आणि मशीन सुरू केलं की थोड्या वेळानं वीज कुठंतरी वाटेतच मरायची. कुठं मरते ते सापडत नव्हतं. दिवाळी गेली, डिसेंबर गेला. सकाळी चहा झाला की मी गाडीखाली शिरायचो ते जेवायलाच बाहेर यायचो. केसर ओसरीवरच्या खाटेवरून बघत असायची. कधी पाटी उचलून दाखवायची. बसा. मी म्हणायचो, "आलोच." ती दर आठवड्याला हलकी होत चालली होती. शेवटी ज्योत्स्ना एकटी तिला उचलून घ्यायला लागली.

विकीनं एकदा सरळ सांगितलं. "आन्ना, म्या काय म्हन्तो, आईला माज्या जीपमदी निजवू. दोन-अडीच तासांचा रस्ता हाय. बॅटरी, मशीन पायापाशी ठिवू. धा मिंटं चालतंय न्हवं? कफ काडाय दोन मिंटं लागत्यात. तितं वीज आली की बॅटरी भरून घिऊ."

मी म्हणालो, "आन अर्ध्या वाटंत बंद पडलं मंजी? तीस वर्सं म्या कारखाना चालवलाय. मला शिकवू नगं."

विकीचं म्हणणं बरोबर होतं. ते मला तेव्हाही कळत होतं. पण गावभर दाखवलेली गाडी दारात ठेवून बायकोला वडापच्या जीपमधून न्यायचं, हे माझ्या गळ्याखाली उतरत नव्हतं.

जानेवारीत केसरच्या तोंडातून रक्त आलं. तेव्हा कुठं मी हललो. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी होती तशीच जीपला जोडली. बॅटऱ्या भरलेल्या होत्या. आत केसर आणि ज्योत्स्ना, पुढं विकी आणि मी. लासुर्ण्याला थांबून एकदा कफ काढला. मशीन नीट चाललं. निमगाव केतकीच्या पुढं दुसऱ्यांदा काढला, तेव्हा शेवटीशेवटी इन्व्हर्टर कुंईकुंई करायला लागला. कफ मात्र निघाला होता. केसर खिडकीतून उसाच्या गाड्या बघत होती. तिचा चेहरा इतक्या दिवसांत एवढा उजळलेला मी पाहिला नव्हता.

इंदापूर आलं. तिथून बावडा अर्ध्या-पाऊण तासावर. हायवेच्या कडेला लिंबाखाली मी गाडी थांबवायला लावली. म्हटलं, एकदा बघतोच. विकी म्हणाला, "आन्ना, आता कशाला? पोचलोच की." मी त्याला जीप सोडवून डिझेल भरून आणायला पिटाळलं आणि गाडीखाली शिरलो.

आणि तिथं ते सापडलं. बॅटरीची एक वायर मी सांगाड्याला बोल्टनं आवळली होती, म्हणजे सांगाड्याच्या लोखंडातून वीज परत यावी. तो बोल्ट मी रंगावरच आवळला होता. लोखंड आणि वायर यांच्यामध्ये माझाच आकाशी रंग. मशीन चाललं की तिथं तापायचं आणि वीज आत पोचायचीच नाही. बोल्टभोवतीचा रंग तापून फुगला होता. वायरीच्या टोकाचं थिंबल, म्हणजे बोल्टात अडकवायची धातूची कडी, जळून काळी झाली होती. तीन महिने बॅटऱ्या बदलत होतो, आणि हे शेंबड्या पोराला दिसावं असं कारण.

मी बाहेर येऊन खिडकीतून ओरडलो, "केसर, सापडलं!" तिनं पाटीवर लिहिलं. चला. मी म्हणालो, "धा मिंटं. थिंबल आनतो, रंग खरवडतो, मग तुला पाहिजे तितकं चालव." तिनं पाटी खाली ठेवली नाही. चला हा शब्द माझ्याकडं तसाच धरून ती बसली होती. मी हसून वळलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसत होतो.

निघताना मी बॅटरीचा फ्यूज काढला. चिनी मातीचा तो अख्खा तुकडा उपसून शर्टाच्या खिशात टाकला. कारखान्यात आमचा नियमच होता. काम अर्धवट टाकून जाताना फ्यूज काढायचा आणि स्वतःच्या खिशात ठेवायचा. काढणाऱ्यानंच लावायचा. म्हणजे आपण नसताना दुसरं कुणी वीज चालू करत नाही आणि कुणाचा जीव जात नाही. तीस वर्षं मी तो नियम मोडला नव्हता. हात आपोआप खिशाकडं गेला. ज्योत्स्नाला सांगावं असंसुद्धा मनात आलं नाही.

बाजारात पहिल्या दुकानात थिंबल मिळालं नाही. दुसऱ्यात मिळालं. तिथं दुकानदाराला मी सगळी कथा सांगितली, रंगाची आणि बोल्टची. तो म्हणाला, "भले!" मी आणखी पाच मिनिटं बोललो असेन.

परत येताना लांबूनच मशीनचा आवाज कानावर आला. फ्यूज माझ्या खिशात, आणि मशीन चालू. म्हणजे कुणीतरी माझ्या कामात हात घातला होता. डोकं असं सणकलं की मी तिथूनच ओरडत निघालो, "कुनी हात लावला रं वायरिंगला? कुनी लावला?"

गाडीभोवती पाच-सात माणसं उभी होती. एक पगडीवाला ट्रक ड्रायव्हर वाकून बॅटरीपाशी उभा होता. फ्यूजच्या जागी त्यानं वायरीचा तुकडा पिळून बसवला होता. दोन मिनिटांचं काम. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. आत ज्योत्स्ना केसरच्या गळ्याशी मशीनची नळी धरून बसली होती आणि मशीन नुसतं चालत होतं.

मी गेल्यावर थोड्याच वेळात केसरला ठसका लागला होता. रक्ताची गाठ अडकली. ज्योत्स्नानं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, गळ्यातल्या नळीची आतली नळी काढून धुतली, पण गाठ त्याच्याही खाली होती. मग ती रस्त्यावर येऊन ट्रकांना हात करायला लागली. तिसरा ट्रक थांबला. मशीन चालू झालं तोवर केसर गेली होती. हे सगळं तिनं मला नंतर, न रडता, जसं झालं तसं सांगितलं. दोष एका शब्दानं दिला नाही. दिला असता तर मला जगायला बरं पडलं असतं.

विकी आला. त्यानं आईकडं पाहिलं, मग बॅटरीकडं पाहिलं. त्याला विजेतलं पुरेसं कळतं. तो म्हणाला, "फ्यूज कुठं हाय?" मी खिशातून काढून दाखवला. त्यानं तो माझ्या हातातून घेतलाही नाही.

रिवाजानं तिला घरी परत न्यायला हवं होतं. विकी म्हणाला, "न्हाय. आदी बावड्याला." आम्ही तसेच पुढं निघालो. या वेळी मी मागं तिच्याजवळ बसलो. बावड्यापर्यंत तिचा हात धरून ठेवला. आता त्याचा काही उपयोग नव्हता.

विकीनं इंदापुरातून फोन केल्यानं बावड्याला निरोप आमच्या आधी पोचला होता. केसरला तिच्या आईच्या खाटेशेजारी निजवलं. प्रयागबाईंनी चाचपडत तिचा चेहरा, केस, गळ्याची नळी, सगळं हातानं पाहिलं. भिंतीपाशी उभ्या माणसांतलं कुणीतरी म्हणालं, "जावयानं लई केलं. बायकोसाटी चाकावर घर बांदलं. आसा मानूस शोदून सापडायचा न्हाय." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

माझ्याच्यानं ते ऐकवेना. मी खाटेपाशी बसून म्हणालो, "मामी, म्याच मारली तिला. फ्यूज माज्या खिशात व्हता." कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला, "दुक्कानं बोलत्यात, बोलू द्या." मी तो हात झटकला आणि म्हातारीला पहिल्यापासून सांगायला लागलो. बोल्ट, रंग, थिंबल, फ्यूज.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जावईबापू, मला त्यातलं काय बी कळत न्हाय. जीव गेला तवा तुमी तिच्यापाशी व्हता का?"

"न्हवतो."

"आन त्याच्या आदी? तीन म्हयनं गाडी करत व्हता म्हन्त्यात. तवा व्हता का?"

तीन महिने मी तिच्यापासून दहा पावलांवर होतो, पण त्याला 'तिच्यापाशी होतो' म्हणता येईना.

"गाडीखाली व्हतो, मामी," मी म्हणालो.

प्रयागबाईंनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. "माज्या लेकीपाशी मला यकटीला बसू द्या. तुमी बी जावा, जावईबापू."

मी उठलो आणि बाहेर गेलो.