पस्तीस की अठ्ठेचाळीस

गॅरेजमध्ये दोन गोगलगाई होत्या, आणि त्यांच्यापायी घरात तीन आठवडे एकही जेवण शांतपणे झालं नव्हतं.

खऱ्या गोगलगाई नव्हेत. टर्बोचं धुराकडच्या बाजूचं बिडाचं कवच दिसायला थेट तसं असतं, म्हणून बाबा त्याला गोगलगाय म्हणायचे. इंजिनाचा धूर त्या वेटोळ्यात शिरतो, आतलं चाक गरागरा फिरवतो, आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. टर्बो एकच, कवचं मात्र दोन आणलेली. एकावर पस्तीस आकडा ओतलेला, दुसऱ्यावर अठ्ठेचाळीस. पस्तीसचं वेटोळं अरुंद, त्यामुळे जोर लवकर येतो, पण इंजिन फार पळवलं की धूर तुंबतो. अठ्ठेचाळीसचं रुंद. ते आधी ढाराढूर झोपतं आणि एकदा जागं झालं की आवरत नाही.

"थोडक्यात, धाकटी म्हणजे मी आणि थोरली म्हणजे ताई," बारकी म्हणाली. "मी लवकर उठते."

"आणि लवकर तुंबतेस," ताईनं पोळीचा घास मोडता मोडता म्हटलं.

बारकी हे नाव उंचीवरून पडलेलं. पण या वर्षी तिला कंठ फुटला होता. गेल्या वर्षीपर्यंत पाना दे म्हटलं की मुकाट्यानं पाना देणारी पोरगी आता पाना कशासाठी हवाय ते आधी विचारायची, आणि उत्तर पटलं तरच द्यायची.

ताई दरवर्षी डोंगरावरच्या शर्यतीत उतरायची. रस्ता एक दिवस बंद ठेवतात, एकेक गाडी घड्याळ लावून सोडतात. तीन किलोमीटरचा चढ, चौदा वळणं. गेल्या वर्षी ती सातवी आली होती. म्हणून यंदा बाबांनी तिच्या इवल्याशा तीन सिलिंडरच्या गाडीला टर्बो बसवायचं ठरवलं, आणि त्यांचं मन अठ्ठेचाळीसवर बसलं.

बारकीनं नुसता वाद घातला नाही. पुरावाच आणला. तीन रविवार ती ताईच्या शेजारी बसून त्या रस्त्यानं वर गेली. वळण संपलं की ताई "आता" म्हणायची आणि बारकी काटा बघून वहीत आकडा टिपायची. चौदापैकी अकरा वळणांतून गाडी बाहेर पडताना इंजिन मिनिटाला पस्तीसशे फेऱ्यांच्या खालीच असायचं. आणि अठ्ठेचाळीस तर चार हजारांशिवाय डोळा उघडणार नाही.

"म्हणजे थोरली अंथरुणातून उठेपर्यंत पुढचं वळण आलेलं," तिनं वही बाबांपुढे ठेवली.

बाबांनी पानं उलटली. एकदा पुढून, एकदा मागून. "बरं. पस्तीस," ते म्हणाले. "तू म्हणशील ते. आणि अर्जावर इंजिन कोणी जुळवलं असा रकाना असतो ना, तिथं तुझंच नाव घालतो."

त्या दिवशी बारकीचे पाय जमिनीला लागले नाहीत.

मग परीक्षा आली. चार दिवस तिनं गॅरेजकडे ढुंकून पाहिलं नाही. पाचव्या दिवशी येऊन बघते तर टर्बो जागेवर आणि गोगलगाय उष्णतेच्या जाड पट्टीत मानेपर्यंत गुंडाळलेली.

"बघू तरी द्या."

"सोडली की पट्टी पुन्हा नीट बसत नाही," बाबा म्हणाले. "बघायचं काय त्यात? चालवून बघा."

चालवून बघितली. पंचवीसशे फेऱ्या, दाबाचा काटा झोपलेला. तीन हजार, झोपलेला. पस्तीसशे. थेट चार हजारांच्या घरात कुणीतरी पाठीत गुद्दा घातल्यासारखी गाडी सुटली, आणि तोवर पुढच्या वळणासाठी ब्रेक दाबावा लागला.

"मस्त खेचते गं," ताई समोर बघत म्हणाली.

बारकीला वाटलं, कुठूनतरी हवा गळतेय. शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी तिनं बादलीत साबणाचं पाणी केलं, नळीचं तोंड बंद करून आत हवा भरली आणि एकेका जोडावर ब्रशनं फेस लावत बसली. गळत असेल तर बुडबुडे येतात. बाबा वाकून टॉर्च धरून उभे राहिले.

"तिथं बघ, त्या क्लिपखाली," त्यांनी एकदा सुचवलंसुद्धा.

तीनदा सगळे जोड झाले. एक बुडबुडा नाही.

मग ती वही घेऊन टायरवर बसली आणि स्वतःचंच गणित खोडायला लागली. दोन पानं खोडली. डोळे भरून आले होते, पण ते साबणामुळे, असं तिनं स्वतःला सांगितलं.

"होतं असं," बाबा म्हणाले. "कागदावरचं वेगळं, रस्त्यावरचं वेगळं." आणि ते हात धुवायला गेले.

तेव्हा बारकीच्या मनात आलं, आपण दोन कवचांचे आकडेच उलटे लिहून घेतले असतील. आपणच बाबांना चुकीची गोगलगाय दाखवली असेल. एवढी एकच चूक आता शिल्लक होती. तिनं पट्टीचं टोक सैल केलं, दोन वेढे काढले आणि बिडावरचा आकडा अंगठ्यानं पुसला.

अठ्ठेचाळीस.

आकडे वहीत बरोबर होते. कवच दुसरंच होतं.

बाबा हात पुसत आले आणि उंबऱ्यातच थांबले. मागे ताई होती. तिनं आधी पट्टीकडे बघितलं, मग खाली.

"तुलाही माहीत होतं," बारकी म्हणाली.

"मीच सांगितलं बाबांना," ताई म्हणाली. "शेवटच्या सरळ पट्ट्यावर सगळे बघायला उभे असतात. तिथं मला गाडी सुसाट जायला हवी होती. तुझ्या पस्तीसनं तिथंच दम टाकला असता."

"मग तीन रविवार मला 'आता, आता' कशाला म्हणत होतीस?"

"तू इतकी खुशीत होतीस गं."

"तुझं मन मोडायचं नव्हतं," बाबा मध्येच म्हणाले. "शर्यत झाली की सांगणारच होतो."

"आणि सकाळी टॉर्च कशाला धरलात?"

ताईनं बाबांकडे बघितलं. टॉर्चचं तिलाही ठाऊक नव्हतं बहुतेक.

परक्यानं फसवलं तर माणूस चार शिव्या घालून मोकळा होतो. घरच्यांनी केसानं गळा कापला की आधी आपलाच गळा चाचपून बघावा लागतो, खरंच कापलाय का म्हणून.

"चल, आत्ता बदलू," बाबा घाईनं म्हणाले. "चार तर नट आहेत."

तिनं पाना लावला. पहिल्या नटावर जरा जोर दिला तशी नट ज्यावर फिरतो ती आतली आट्यांची दांडी करकरली आणि किंचित पिळली. चार दिवस तापून नट दांडीला धरला होता. आणखी जोर लावला तर दांडी बिडातच तुटणार, आणि उद्या सकाळी आठला गाडी इथंच उभी राहणार. हे बाबांनीच तिला शिकवलं होतं.

"राहू दे," तिनं पाना काढला.

पट्टी सैल सोडली तर गाडी पेटू शकते. म्हणून ते दोन वेढेही तिनंच पुन्हा घट्ट आवळले. मग सकाळी द्यायचा टेबलावरचा अर्ज ओढला आणि त्या रकान्यातलं आपलं नाव काट मारून खोडलं.

"अगं, बाकी सगळं काम तुझंच आहे की," बाबा म्हणाले.

"हे माझं नाही."

शर्यतीला ती गेली, पण ताईच्या माणसांत उभी राहिली नाही. नवव्या वळणावर कठड्याशी एकटीच थांबली. ताईची गाडी वळणातून बाहेर आली, एक, दोन, मोजेपर्यंत इंजिन नुसतंच गुरगुरलं, मग टर्बो जागा झाला आणि लगेच ब्रेकचे लाल दिवे लागले. शेवटच्या सरळ पट्ट्यावर मात्र गाडी अशी गेली की लोकांच्या शिट्ट्या खाली तिच्यापर्यंत ऐकू आल्या. ताई पाचवी आली.

"सातवरून पाचवर," बाबा येईल त्याला सांगत होते. पस्तीस असती तर तिसरी आली असती की नववी, हे कुणालाच कळणार नव्हतं. बारकीलाही नाही. तेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

पुढच्या रविवारी बाबांनी तिला गॅरेजमध्ये बोलावलं. अठ्ठेचाळीस त्यांनी दांड्या कापून काढली होती. टेबलावर कोरं फडकं, फडक्यावर दुसरी गोगलगाय, आकडा वरच्या बाजूला. पट्टीचं बंडल कुठं दिसत नव्हतं.

"घे. तुझ्या हातानं बसव," ते म्हणाले.

बारकीनं आकडा वाचला. पस्तीस. मग तिनं फळीवरून कॅलिपर घेतलं आणि कवचाच्या तोंडाचं माप घेतलं.

"अगं, आकडा दिसतोय की समोर."

"हो," ती म्हणाली, आणि कवच फिरवून तिनं पुन्हा एकदा माप घेतलं.