डब्यात राहिलेला कान

मी सांडूअण्णांच्या उजव्या कानामागं बसणारं मशीन बोलतोय. ऐकायचं आणि आत पोचवायचं, एवढंच माझं काम. बोलणं माझ्या धंद्यात बसत नाही. पण आता पाणी डोक्यावरून गेलंय, म्हणून तोंड उघडतो. आवाज चढला तर चढू द्या.

कुठल्याशा कारखान्यात जन्मलो आणि खोक्यात बसून तालुक्याच्या गावी एका शिबिरात आलो. मंडपात दीड-दोनशे म्हातारी माणसं, सगळी कानानं मंद. आणि त्यांच्यापुढं पाहुण्यांनी दीड तास भाषण ठोकलं! आधी भाषण, मग मशीन. एकाही म्हाताऱ्याला अक्षर ऐकू गेलं नाही, आणि टाळ्या मात्र कडकडून. मग एका बाईनं दोन मिनिटांत मला अण्णांच्या कानात बसवलं, "सवय होईल बाबा," म्हणाली आणि पुढचा नंबर पुकारला.

माझी निम्मी भावंडं आठ दिवसांत कोनाड्यात गेली. कानात किरकिर होते म्हणे. अण्णा मात्र चिवट. पिशोरचा हा माणूस तीस वर्षं कापसाच्या जिनिंगच्या मशिनीजवळ राबला आणि तिथंच कान घालवून बसला. पहिल्या संध्याकाळी ते घरात शिरले तर चुलीपाशी सारजाबाई पुटपुटल्या, "आला बहिरोबा. आता गिळायला वाढा."

"वाढ की," अण्णा म्हणाले, "बहिरोबाला लई भूक लागलीय."

बाईंच्या हातातली पळीच पडली. "अगं बया! ऐकू आलं व्हय तुमाला?"

"आलं. आता मागच्या बारा वर्षांत काय काय बोललीस ते सगळं सांग."

दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस तो. अण्णा मला जिवापाड जपत. झोपताना सेलचं झाकण उघडून ठेवायचे, म्हणजे सेल उगाच जळत नाही. सेल असतो शर्टाच्या बटणापेक्षा बारीक आणि मिळतो फक्त शहरात. त्यांचा मुलगा कृष्णा शहरात कंपनीत कामाला, तो येताना घेऊन यायचा.

मग कोरोनाची दुसरी लाट आली. चैत्रात अण्णांना ताप भरला, तिसऱ्या दिवशी धाप लागली. कृष्णानं गाडी केली. तालुक्याला खाट नव्हती, पुढच्या ठिकाणी ऑक्सिजन नव्हता. शेवटी शहरातल्या एका सरकारी दवाखान्यात जागा मिळाली. दारातला वॉचमन ओरडत होता, "सोना-चांदी, मोबाइल, पाकीट, सब निकाल के घर ले जाओ भाई! अंदर गुम गया तो हम जिम्मेदार नहीं!"

कृष्णानं घाईघाईनं वडलांच्या हातातलं चांदीचं कडं काढलं, चष्मा काढला आणि मग माझ्याकडं बोट दाखवलं. "मशीन पण काढू का?"

"महंगा है क्या? फिर निकालो."

झालं! कडं, चष्मा आणि कान, तिन्ही एका रुमालात. अण्णा काहीतरी विचारत होते, पण त्यांची चाकाची खुर्ची आत गेली. कृष्णाला बोल लावायला जीभ धजत नाही. पोरगा दोन दिवस झोपला नव्हता. पण अरे बाबा, कडं हा दागिना आहे. मी दागिना आहे का?

शहरात, मुकुंदवाडीतल्या त्याच्या खोलीत त्यानं मला एका स्टीलच्या डब्यात टाकलं आणि डबा फळीवर ठेवला. सेलचं झाकण उघडायचं त्याला माहीत नव्हतं. म्हणजे मी जागाच. अंधारात पडून सगळं ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी वॉर्डातून फोन आला. "तुमचे पेशंट सहकार्य करत नाहीत. पालथं झोपायला सांगतो तर उठून बसतात. काही विचारलं तर भलतंच बोलतात. आधीपासून डोक्यावर परिणाम आहे का?"

"नाय वो," कृष्णा म्हणाला. "अण्णा एकदम शुद्धीत असतेत."

मी डब्यात शिट्टी घातली. आम्हा मशिनींना कोंडलं की आमचाच आवाज आमच्यावर आदळून चीं चीं होतं, लोक त्याला बिघाड म्हणतात. माझ्याकडं ओरडायला तेवढंच आहे. पण ओरडलं की सेल भराभर जळतो. गप्प बसावं तर कुणाला कळणार नाही, ओरडावं तर अण्णांपर्यंत पोचेपर्यंत मीच संपणार. तरी ओरडलो.

तिसऱ्या दिवशी फोन आला, पेशंट मास्क ओढतात, म्हणून हात बांधलेत. चौथ्या दिवशी वॉर्डातल्या एका मावशीनं आपल्या फोनवरून व्हिडिओ लावून दिला. कृष्णा गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडत होता, "अण्णा! मी कृष्णा! पालथं झोपा!" आणि पलीकडून अण्णा धापा टाकत म्हणत होते, "कृष्णा, ही माणसं माझ्याशी बोलत कामून नाहीत रं? नुसती तोंडं झाकून हातवारे करतेत. अन् हात कामून बांधले माझे? म्या काय केलं?"

फोन कटला. कृष्णा भिंतीला टेकून खाली बसला आणि बायकोला म्हणाला, "खरंच भ्रम झालाय गं अण्णांना."

शुद्धीतल्या माणसाला पोटचा पोरगासुद्धा भ्रमिष्ट म्हणायला लागला! मी जीव खाऊन कोकललो. इतका, की त्याची बायको तनुजा भाकरी टाकायची थांबली. "काय चींचीं करतंय वो?" तिनं फोन बघितला, गॅसची शेगडी बघितली, मग डबा काढला. झाकण उघडलं आणि ओरडली.

"अवो, अण्णांचा कान हितं डब्यात हाय! अन् तुमी तिकडं फोनवर बोंबलताय!"

कृष्णा मला घेऊन पळत सुटला. मी म्हटलं, आता सुटलो. कसलं काय! दवाखान्याच्या खिडकीवर उत्तर मिळालं, "जेवणाचा डबा आत जाईल. औषध जाईल. मशीन-बिशीन जाणार नाही." कृष्णा हात जोडून तीन तास उभा. अखेर एका मावशीला दया आली. तिनं मला प्लास्टिकच्या डबीत घातलं, वर चिठ्ठी लावली, 'सांडूअण्णा, खाट एकोणीस, उजवा कान', आणि डबी वॉर्डातल्या टेबलावर ठेवली.

टेबलावर! डबीवर फायली आल्या, फायलींवर हातमोज्यांचं खोकं आलं. मला अण्णांचा आवाज येत होता, चार खाटांपलीकडून. "पाणी... कुणी हाय का?" चाळीस खाटांना एक सिस्टर. ती तरी कुणाकुणाला पुरणार? तिला दोष देत नाही. पण चाळीस खाटांना एक सिस्टर ठेवणाऱ्याला तर देऊ का नको? असा पुढचा अख्खा दिवस गेला.

सहाव्या दिवशी पाळी बदलली आणि मोनाली सिस्टर आल्या. फाईल उचलताना डबी खाली पडली. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि कपाळावर हात मारला. अण्णांच्या हाताची पट्टी सोडून त्यांनी मला अण्णांच्या तळहातावर ठेवलं. अण्णांनी मला स्वतःच कानात बसवलं.

"आजोबा, येतंय का ऐकू? पोटावर झोपा. पालथं. म्हणजे श्वास सोपा होईल."

"एवढंच व्हय?" अण्णा म्हणाले. "मंग आधी सांगायचं ना, माय."

आणि गुमान पालथे झाले. सहा दिवस लागले हो या एका वाक्याला! सिस्टरांनी डोळे पुसले असणार, मी पाहिलं नाही, पण मास्कामागचा हुंदका ऐकला.

माझा सेल त्या संध्याकाळी संपला. डब्यात ओरडण्यात सगळा घालवला होता. पण तोवर सिस्टरांनी अण्णांशी खुणा ठरवल्या होत्या, पालथं, उताणं, पाणी, दुखतंय. पंचवीस दिवसांनी अण्णा पायांनी चालत बाहेर आले. कृष्णा त्यांच्या पाया पडून रडला. अण्णांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाले, "सेल आणला का नवा?"

इथं गोष्ट गोड व्हायला हवी होती. पण दवाखान्यातून मिळालेल्या कार्डावर इंग्रजीत एक ओळ होती, पेशंट भ्रमिष्ट आहे. कृष्णा म्हणाला, "हे खोडा की." उत्तर मिळालं, "फायलीतून आलंय, आता बदलत नाही." माणूस बरा झाला. ओळ काही बरी झाली नाही.

आज त्या गोष्टीला सहा महिने झाले. दर महिन्याला आम्ही गावाकडच्या दवाखान्यात बीपीच्या गोळ्या घ्यायला जातो. डॉक्टर कार्ड वाचतात आणि खुर्ची कृष्णाकडं वळवतात. "झोपतात का हे? चिडचिड करतात का? गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा." अण्णा समोर बसलेले, मी कानात, नवा सेल, सगळं लख्ख ऐकू येतंय. आणि त्यांच्याशी बोलायला कुणी तयार नाही.

आजही तेच. आठ दिवस झाले, पायऱ्या चढताना अण्णांच्या छातीत आवळतंय. सारजाबाईंना कळलं तर जीव टांगणीला लागेल म्हणून घरी बोलले नाहीत, इथं सांगायचं ठरवून आले. "डॉक्टरसाहेब, माझ्या छातीत..." त्यांनी सुरुवात केली.

"हो हो, आजोबा," डॉक्टर कार्डावर लिहीत राहिले. "यांना भूक लागते का हो?" हे कृष्णाला.

अण्णांनी तीनदा सांगितलं. तीनदा. चौथ्यांदा त्यांनी मला कानातून उपसलं आणि टेबलावर, डॉक्टरांच्या पेनाशेजारी आपटलं.

"घ्या. हे तुमी घाला, डॉक्टरसाहेब. मला लागत नाय. तुमालाच लागतंय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. कार्ड मिटलं. खुर्ची वळवली, पहिल्यांदाच अण्णांकडं, आणि मास्कामागून हळू आवाजात विचारलं, "चुकलं माझं, आजोबा. कधीपासून आवळतंय? डाव्या हातात कळ जाते का?"

सहा महिन्यांत पहिल्यांदा कुणी अण्णांना त्यांच्याच छातीबद्दल विचारलं. आणि अण्णा मान वळवून रागानं खिडकीबाहेर बघतायत. त्यांना यातला एक शब्द कळलेला नाही. कारण मी इथं टेबलावर पडलोय.

कृष्णा, अरे तोंडाकडं काय बघत बसलास? उचल मला! कुणीही उचला, लवकर. डॉक्टर परत कृष्णाकडं वळायच्या आत मला त्या कानात बसवा!