चौथ्या टेकमधली हाक

काळाची हलवाहलव हा ताईचा रोजचा धंदा. लोक घड्याळाला घाबरतात. ही बया जेवायच्या सुट्टीआधी एखाद्याला म्हातारा करायची आणि जेवून आल्यावर त्याला परत शाळेत बसवायची. पंचवीस वर्षं चित्रपटांचं संकलन करून तिला एक गोष्ट पक्की कळली होती. काय घडलं याला फारशी किंमत नसते, ते आधी दाखवलं की नंतर, याला असते. माणूस हसताना दाखवा आणि मग मयत दाखवा, तर तो बिचारा बेसावध. मयत आधी दाखवा, तर तोच माणूस तसाच हसला तरी खुनी ठरतो. हे ती कुणालाही हसत हसत सांगायची.

या खेपेला मात्र चित्रपट धाकट्या भावाचा होता आणि विषय घरचा. नऊ वर्षांपूर्वी बाबा गेले, ती दुपार. धाकट्यानं बरंचसं जसंच्या तसं लिहिलं होतं: आजारी बाप, त्याचं सगळं करणारी मुलगी, आणि परगावाहून दुसऱ्या दिवशी, सगळं उरकल्यावर, बॅग घेऊन पोचणारा मुलगा. खरं तर धाकटा त्याच दिवशी सकाळी येऊन पोचला होता, जेवला होता आणि बाहेरच्या खोलीत सोफ्यावर आडवा झाला होता. संहिता वाचून ताईनं हे विचारलंही होतं.

"उशिरा पोचलेला मुलगा पडद्यावर जास्त लागतो गं," तो म्हणाला होता. धंद्यातलीच गोष्ट, तिला पटली.

चित्रण संपलं, सगळं साहित्य तिच्या खोलीत आलं आणि ती एकेक टेक बघू लागली. बाप पलंगावर पडलाय, दुपार आहे, वर पंखा. या दृश्याला संहितेत एकही शब्द नव्हता. पहिल्या तीन टेकमध्ये म्हातारे नट नुसते पडून होते. चौथ्यात त्यांनी दाराकडे मान वळवली आणि म्हणाले, "चिमे, येतेस का जरा? घाई नाही."

ताईनं टेक थांबवला, मागे नेला आणि पुन्हा ऐकला. चिमी हे तिचं घरचं नाव संहितेत होतं, त्याचं काही नाही. पण पुढचे शब्द कुठेच नव्हते. ते जगात एकट्या तिला माहीत होते.

बाबांचे ते शेवटचे शब्द. मधल्या खोलीत पडल्या पडल्या तिनं ते चांगले जागेपणी ऐकले होते. त्या दिवसातली त्यांची ती अकरावी की बारावी हाक होती. उशी, पाणी, खिडकी, पुन्हा उशी. तीन रात्री तिच्या डोळ्याला डोळा नव्हता. घाई नाही म्हणतायत ना, मग थांबू देत जरा, असं ती मनात म्हणाली, आणि तेही चिडूनच. वीस मिनिटांनी उठून गेली तेव्हा सगळं संपलं होतं. डॉक्टरांना, नातेवाइकांना, धाकट्याला, सगळ्यांना तिनं एकच सांगितलं: झोपेतच गेले, हाकसुद्धा मारली नाही. भाग्याचं मरण हो, असं जो तो म्हणाला. नऊ वर्षं ती मान डोलावून ते ऐकून घेत होती. दुपारी आडवं होणं मात्र तिनं तेव्हापासून सोडलं होतं.

मेलेली माणसं परक्याच्या तोंडून बोलतात, असल्या गोष्टी कुणी सांगितल्या की ताई आजवर टर उडवायची. आता तिला हसू येईना. कानावरचा हेडफोन काढून ठेवला तरी हाक चालूच राहायची. जिना उतरताना मागून यायची, नळ सोडला की त्या पाण्याखालून यायची. घरी भांडी विसळताना एकदा ती "आले, आले" असं मोठ्यानं म्हणाली आणि मग ओट्याला धरून उभी राहिली.

पहिल्या दिवशी तिनं चौथा टेक बाजूला टाकला. धाकटा म्हणाला, तोच घ्यायचा. मग तिनं आपली सगळी विद्या पणाला लावली. चित्रपटात आधीच एक जुन्या दिवसांचं दृश्य होतं: सात वर्षांची चिमी जिन्याच्या पायऱ्यांवर खेळतेय, खेळता खेळता हसत वर पळते. ताईनं चौथ्या टेकमधला नुसता आवाज उचलला आणि त्या पोरीच्या पळण्याच्या आधी नेऊन ठेवला. चाळीस वर्षं मागे नेल्यावर तीच हाक निर्दोष झाली. बाप हाक मारतो, मुलगी धावत जाते. ताईनं ते दहा वेळा बघितलं आणि दहाही वेळा रडली. जे तिच्या पायांनी केलं नाही, ते त्या पोरीच्या पायांनी होऊन गेलं होतं. तिच्या जिवात जीव आला.

धाकट्यानं ते एकदाच बघितलं.

"छान झालंय. पण ती हाक तिथली नाही."

"कशावरून?"

"आवाज आडव्या पडलेल्या माणसाचा आहे, ताई. जिन्याच्या वरून हाक मारणारा माणूस उभा असतो."

"इतकं कोण ऐकतंय?"

"आपण दोघं," तो म्हणाला आणि तिच्याकडे न बघता बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी म्हातारे नट काही वाक्यांचं डबिंग करायला आले. शेजारच्याच ध्वनिमुद्रणाच्या खोलीत त्यांचं काम होतं. ताई मुद्दाम त्यांना चहा द्यायला गेली.

"ते 'घाई नाही' तुम्हाला कसं हो सुचलं?"

"मला? अहो बाई, मला सुचायला लागलं तर दिग्दर्शकांनी काय करायचं?" ते हसले. "तुमच्या भावानं सांगितलं. चौथ्या टेकआधी पलंगाशी वाकला आणि कानात शब्दन् शब्द सांगितला. आवाज केवढा, थांबायचं कुठं, सगळं. आणि म्हणाला, बाईंना सांगू नका. बघा, सांगून बसलो!"

ताईनं कप त्यांच्या हातात दिला की टेबलावर ठेवला, हे तिला नंतर आठवेना. ती तडक आपल्या खोलीत आली. धाकटा तिथंच बसला होता.

"तू जागा होतास."

कधी, असं त्यानं विचारलं नाही. "हो."

"ऐकलंस."

"ऐकलं. म्हटलं, तू उठशील. नेहमी तूच उठायचीस ना गं."

ताईला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. नऊ वर्षं एकटीनं उरावर वागवलेलं ओझं, आणि हा शहाणा अर्धं ओझं खिशात घालून फिरत होता! आणि त्याच वेळी तिला इतकं हलकं वाटलं की त्या हलकेपणाचीच लाज वाटली.

"मला का नाही विचारलंस?"

"काय विचारू? तू ऐकलं होतंस का, असं? तू म्हणायचीस, त्यांनी हाकच मारली नाही. मला वाटायचं, ही खरंच झोपली होती. मग ऐकणारा मी एकटाच. म्हणून या नटांकडून ते वाक्य वदवून घेतलं. तू ती हाक उचलून जिन्यावर नेऊन ठेवलीस, तेव्हा कळलं, तूही ऐकली होतीस."

"आणि तू स्वतःला उचलून दुसऱ्या दिवसात नेऊन ठेवलंस."

"हो," तो म्हणाला.

ताई खुर्चीत बसली. बोलण्यापेक्षा तिला हे काम बरं जमायचं. जिन्यावरची हाक तिनं काढली आणि परत पलंगावर आणली. मग शेवटाकडचा मुलाचा शॉट घेतला: तो नुकताच घरी पोचलाय, बॅग पायाशी, बूट न काढता सोफ्यावर पडलाय, डोळे उघडे. हा शॉट तिनं उचलून हाकेच्या आधी ठेवला. मुलगा सोफ्यावर, मुलगी मधल्या खोलीत, मग हाक. मग मुलीचे डोळे, मुलाचे डोळे. काहीही नव्यानं न चित्रित करता मुलगा एक दिवस आधी घरी पोचला. आणि कुणीच उठलं नाही.

दोघांनी ते बघितलं. पडद्यावर पंखा फिरत होता.

"एक राहिलंय," धाकटा म्हणाला. "त्यांनी पुन्हा हाक मारली होती. थोड्या वेळानं."

"नाही. मी जागीच होते."

"तुझा डोळा लागला असेल, ताई. दुसरी तुला नव्हतीच. मला होती."

ताईनं शेजारच्या खोलीचं दार दाखवलं.

धाकटा आत गेला, म्हाताऱ्या नटांच्या कानाशी वाकला आणि परत येऊन दोन्ही खोल्यांमधल्या काचेच्या अलीकडे ताईशेजारी बसला. नटांचं हसू मावळलं होतं. ते खोलीतल्या गालिच्यावर चक्क आडवे झाले आणि माइक खाली ओढून घेतला.

"मुलगा किती लांब आहे?" त्यांनी विचारलं.

धाकट्यानं आत बोलायचं बटण दाबलं. "दहा पावलं. मधे एक दार."

म्हाताऱ्यांनी डोळे मिटले, श्वास जमवला.

"टिल्या... तू आलायस ना रे?"

त्यात तक्रार नव्हती. नुसती खात्री करून घ्यायची होती, घरात कोण कोण आहे याची. शेजारी खुर्ची धाडकन मागे पडली. धाकटा उठला होता. वयाचं, हुद्द्याचं भान सोडून तो धावला, आतलं जड दार दोन्ही हातांनी ढकललं आणि गालिच्याशी जाऊन गुडघ्यांवर बसला.

"चुकलं का काही?" म्हातारे नट घाबरून उठू लागले.

धाकटा त्यांचा हात धरून तसाच बसून राहिला.

ते मुद्रण ताईनं संध्याकाळी एकटीनं ऐकलं. हाक, मग दार उघडल्याचा आवाज, मग धावती पावलं. सगळं स्वच्छ आलं होतं. ठेवलं असतं तर मुलगा वेळेवर पोचला असता, आणि प्रेक्षकांतल्या कुणाला शंकाही आली नसती. तिनं बराच वेळ कळीवर बोट ठेवून विचार केला. मग हाकेचा शेवटचा श्वास संपल्यावर कापलं. त्या दुपारी दार उघडलं नव्हतं.