महालातला नळवाला

“पुढच्या काळातलं नको,” नळवाल्याने पुस्तक परत सरकवलं. “पुढे काय, आपण जातोच आहोत. मागे जाणारा पाहिजे. माणूस आजचा, पण जाऊन पडतो राजेरजवाड्यांच्या काळात.”

पुस्तकवाल्याने डोकं खाजवलं, शिडीवर चढून एक जाडजूड कादंबरी काढली. मुखपृष्ठावर महाल, राणी आणि वर आभाळात कसलासा झगझगीत गोल. “यात असणारच,” तो म्हणाला.

नळवाल्याची बायको नर्स होती. जन्मभर रोग्यांना ‘हलायचं नाही’ म्हणून दटावलं आणि आता तीच पाळी तिच्यावर आली होती. डोळ्याचा पडदा सुटला होता. ऑपरेशन झालं, पण डॉक्टरांनी बजावलं, दोन आठवडे पालथं पडून राहायचं. दिसेल की नाही ते नंतर. काळात मागे जाणाऱ्या माणसांच्या कादंबऱ्या हे तिचं जुनं वेड. घरातल्या सगळ्या तोंडपाठ झालेल्या. म्हणून ही पायपीट.

नळवाल्याचं आणि वाचनाचं विळ्याभोपळ्याचं सख्य. पंपाच्या खोक्यावरच्या सूचनांपलीकडे त्याने कधी काही वाचलं नव्हतं. तरी खाटेशेजारी स्टूल ओढून तो अडखळत वाचू लागला.

“आला का हो तो?” ती उशीतूनच विचारी.

“येईल, येईल.”

राजा मेला, सेनापती फितूर झाला, पण आजचा माणूस काही येईना. शेवटी त्याने गुपचूप पुढची सगळी पानं चाळली. कुणीच येत नव्हतं. मुखपृष्ठावरचा तो गोल म्हणजे निव्वळ चंद्र होता.

त्या संध्याकाळी उशीतून बारीक आवाज आला, “अहो, नाहीच दिसलं तर?”

इतक्या दिवसांत तिने हे पहिल्यांदाच विचारलं होतं. त्याने घाईघाईने पुस्तक उघडलं.

“इतक्यात महालाच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला. त्याच्या हातात पाना होता.”

“पाना?”

“पानाच. राणीच्या न्हाणीघरात पाणी चढत नव्हतं.”

“मग?”

“मग काय! तो म्हणाला, बाईसाहेब, याला आधी कुणी हात लावला होता?”

ती खुदकन हसली. खांदे गदगदू लागले.

“अगं, हलायचं नाही!” तो ओरडला.

त्या दिवसापासून त्याचं अडखळणं पार थांबलं. महालातला नळवाला प्रधानाशी भांडला, टेकडीवर हौद बांधला, राणीची त्याच्यावर मर्जी बसली. ऐकता ऐकता दोन आठवडे सरले.

दवाखान्यात पट्टी निघाली. धूसर का होईना, दिसत होतं. घरी येताच तिने कादंबरी मागितली आणि नळवाल्याचं धाबं दणाणलं. चष्मा लावून, पुस्तक नाकाशी धरून ती पानामागून पान उलटत राहिली. तो उगाच खिडकीची कडी घट्ट करत बसला.

बऱ्याच वेळाने तिने पुस्तक मिटलं आणि त्याच्यापुढे धरलं.

“अक्षर फार बारीक आहे. तुम्हीच वाचा.”

तो स्टुलावर बसला. “कुठे होतो आपण?”

“हौद भरला होता. आता तो परत येणार ना, आपल्या काळात?”

नळवाल्याने समोरच्या पानावर नजर लावली.

“एवढ्यात नाही,” तो म्हणाला. “मागच्या अंगणातलं काम राहिलंय अजून.”

तिने चष्मा काढून बाजूला ठेवला, पाय लांब केले आणि डोळे मिटून घेतले.