मी तराफ्यावरचा पिंजरा बोलतोय

मी एक पिंजरा आहे. वाघाबिघाचा नव्हे. मुंगसाच्या चणीचा एक प्राणी मावेल एवढाच. तोसुद्धा राजीखुशीने आत शिरला तर.

स्कॉटलंडच्या ईशान्येकडच्या एका लहानशा नदीवर मी तराफ्यावर बसून तरंगत असतो. तराफा आमच्या गावच्या सभागृहातल्या जुन्या नाटकाच्या नेपथ्याचं प्लायवूड कापून केलाय. त्यामुळे माझ्या पोटाखाली अर्धा राजवाडा आणि एका घोड्याचं ढुंगण रंगवलेलं आहे. वर लाकडी बोगदा, बोगद्यात मऊ मातीचा थर आणि त्या थरावर मी. मातीत कुणाच्या पावलांचे ठसे उमटले की माझं दार पडायच्या बेतात उघडं ठेवायचं आणि वाट बघायची. वाट बघण्यात माझा हात धरणारा कुणी नाही.

माझी मालकीण इश्बेल गेडीस. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढलेली, निवृत्त, गुडघ्यांनी कुरकुरणारी बाई. नदीवरून मिंक हटवायचं काम गावोगावच्या लोकांनी वाटून घेतलं, तेव्हा पुलापासून वरच्या दलदलीपर्यंतचा काठ तिने मागून घेतला. मिंक हा मुंगसासारखा शिकारी प्राणी, पण इथला नव्हे. कातड्यासाठी परदेशातून आणून पाळला, पिंजऱ्यांतून निसटला आणि नदीला लागला. आमचे पाणउंदीर गुबगुबीत, निरुपद्रवी, गवत खाऊन जगणारे. मिंकची सडपातळ मादी त्यांच्या बिळात सहज घुसते. खालच्या काठावरचे सगळे संपले होते. उरले होते ते फक्त दलदलीत. मिंक तिथे पोहोचला असता तर त्यांचं नावही उरलं नसतं.

म्हणजे जबाबदारी केवढी! आणि ती कुणावर, तर माझ्यावर.

मी पहिली शिकार केली ती पाणकोंबडीची. इश्बेलने तिला सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा आत. बाहेर गारठा होता, आत वारा लागत नव्हता, तिला मी आवडलो होतो. मग एक घूस. मग कुणाचा तरी लोकरीचा मोजा, तो प्रवाहाबरोबर येऊन दारात अडकला. दार मात्र असं खाडकन पडलं, जणू मी सिंह धरलाय.

पलीकडच्या काठावर आर्ची क्रूक्शँक राहतो. त्याची बदकं आणि त्याचा मेजर नावाचा बुटका टेरियर कुत्रा, हे त्याचं सगळं गणगोत. तो रोज कुंपणाला टेकून विचारायचा, "काय गं इश्बेल, आज डब्यात काय? मोज्याचा जोडीदार सापडला का?"

"हसून घे. तुझ्या बदकांसाठीच चाललंय हे."

"माझ्या बदकांना माझा मेजर आहे. मिंकचा वास आला की फाडून ठेवेल!"

मेजरला वास आला खरा. इश्बेलने माझ्यात मिंकच्या गंधाचं औषध लावलं होतं. मेजर पोहत आला, पुढचं अर्धं अंग माझ्यात कोंबलं आणि दार त्याच्या कमरेवर पडलं. पुढे मागे होता येईना. त्याची शेपूट बाहेर आणि रडणं माझ्या कानात. इश्बेल कमरेइतक्या पाण्यात उतरली तेव्हा हसूनहसून तिलाच धरायला माणूस हवा होता.

"आर्ची, तुझा वाघ घेऊन जा रे!" तिने हाक मारली. आर्ची दोन दिवस कुंपणापाशी फिरकला नाही.

आणि मग तो आला. खरा मिंक. काळपट चॉकलेटी अंग, हनुवटीवर पांढरा ठिपका. मी श्वास रोखला, म्हणजे पिंजऱ्याला जमेल तसा. तो माझ्या छपरावर चढला, मासा निवांत खाल्ला, तोंड पुसलं, दारातून एकदा आत डोकावला आणि निघून गेला. मी तिथेच, दार उघडं टाकून, पाहुणचाराला तयार.

त्या पहाटे त्याने आर्चीच्या खुराड्यात शिरून सगळी बदकं मारली. खाल्लं एकच.

आर्ची काठावर आला तो हातात एक पांढरं बदक घेऊन. तिचं नाव फ्लोरा होतं. ती त्याच्या मागून टपाल घ्यायला दारापर्यंत चालत यायची.

"तुझा हा डबा काय झोपा काढत होता का? नावाला पिंजरा! आणि तू मला शिकवत होतीस!"

इश्बेलने मान खाली घातली. मला वाटलं, बुडावं इथेच. पण मला तर मुद्दाम न बुडण्यासाठीच बनवलं होतं.

ती खाली वाकून ओल्या वाळूवरचे ठसे बघत होती. ठसे वर जात होते, दलदलीकडे.

"आर्ची," ती म्हणाली, "शिव्या मागाहून दे. हे बघ, तो वर निघालाय."

आर्चीने ठसे पाहिले. मग फ्लोराला त्याने स्वतःच्या कोटात गुंडाळून गवतावर ठेवलं. "वर जायला एकच वाट आहे," तो म्हणाला. "रस्त्याखालची मोरी. दोन्ही बाजूंना दगडी भिंत. डबा तिथे नेऊ. उचल तिकडची बाजू."

"माझे गुडघे…"

"मग मी दोन्ही बाजू उचलतो. चल."

मोरीच्या तोंडाशी मला असा अडकवला की वर जायचं तर माझ्यातूनच जावं लागेल. म्हणजे माझ्या कर्तबगारीवर त्यांनी आता काहीच सोडलं नव्हतं. बरं केलं.

सकाळी तो माझ्यात होता.

दोघं मिळून आले. आर्चीकडे हवेचं पिस्तूल होतं. पकडलेला मिंक परत सोडायचा नसतो, हे दोघांनाही माहीत होतं. आर्चीने नेम धरला. मिंक जाळीला पंजे लावून त्याच्याकडे पाहत होता. किती देखणा होता! त्याचं हृदय माझ्या तारांपर्यंत धडधडत होतं.

आर्चीचा हात खाली आला. "काल सापडला असता तर नुसत्या हातांनी मारला असता," तो म्हणाला. "पण याला तरी इथे कुणी विचारून आणलं होतं?"

"नव्हतं विचारलं," इश्बेल म्हणाली. "म्हणून त्याला ताटकळत ठेवू नकोस. दे इकडे."

तिने एकदाच चाप ओढला. त्याला काही कळलंही नसेल. मग ती मोरीच्या कठड्यावर बसली आणि रडली. आर्चीने थर्मासमधला चहा ओतून तिच्या हातात दिला. मी जन्मभर ज्यासाठी थांबलो ते एकदाचं जमलं होतं. पण मिरवावंसं काही वाटेना.

त्यानंतर मातीवर मिंकचा ठसा उमटलेला नाही. हल्ली इतर गावांतले पिंजरे हुशार झालेत. दार पडलं की मालकाच्या फोनवर निरोप जातो. माझं दार मात्र पडलं की कुणीतरी येऊन बघेपर्यंत पडलेलंच, आत कुणीही अडकलेलं असो. म्हणून इश्बेलने माझं दार तारेने वर बांधून टाकलंय. ठसे तेवढे बघायला मला ठेवलंय.

यंदाच्या उन्हाळ्यात दलदलीतून खाली उतरून एक पाणउंदरीण माझ्या छपरावर बसली. गवताची एक काडी दोन्ही हातांत धरून तिने टोकापासून खाल्ली. मग तिची पोरं आली. आता माझं छप्पर त्यांचं जेवणाचं टेबल आहे आणि जेवून झालं की संडासही तोच. हिरव्या गोळ्यांचा ढीग साचलाय.

परवा आर्ची मला घासायला ब्रश घेऊन आला होता. इश्बेल काठावरून ओरडली, "हात लावू नकोस! तो ढीग बघायला मी किती वर्षं थांबलेय!"

तुम्ही कधी या काठाने आलात आणि हा गबाळा पिंजरा दिसला, तर कीव करू नका. नाक हवं तर धरा. पण मेहरबानी करून मला धुऊ नका.