भेंडी जून होऊ नये म्हणून

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात माझा नवरा वाळू पहिल्यांदाच घरी राहिला. एरवी भात झोडून झालं की तो भिवंडीला गोदामात कामाला जायचा, तो थेट पेरणीलाच परत. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण एकही होळी आम्ही एकत्र पाहिली नव्हती. त्या साली धसईच्या प्रशांतने परदेशी जाणाऱ्या भेंडीचं बियाणं दिलं, माल रोज टेम्पोने उचलीन म्हणाला. मी वाळूच्या मागे भुणभुण लावून ती पेरायला लावली.

परदेशात भेंडी बोटभरच लागते. ती रोज पहाटे खुडायची. एक दिवस चुकला की शेंग जून होते, आणि जून शेंगा झाडावर राहिल्या की झाड फुलायचंच थांबतं. त्यात भेंडीच्या लवेने हात असे खाजतात की नको ती शेती. मी वाळूचे गोदामातले जाड हातमोजे चढवून खुडायचे.

होळी छान झाली. दुसऱ्या दिवशी प्रशांत टेम्पोशिवाय आला.

"वयनी, उद्यापासून माल नको. आपल्या सरकारनं भेंडी घेनाऱ्या देशाच्या सफरचंदावर जकात वाढवली, म्हनून त्यांनी आपल्या भाजीवर वाढवली. तिकडं आता आपली भेंडी कोन घेनार नाय."

"सफरचंद खाल्ला कोनी?" मी कडाडले. "आमी तर तो आजारी मानसाच्या उशाशीच बघितलाय!"

वड्याचं तेल वांग्यावर काढतात हे ठाऊक होतं. इथे सफरचंदाचं भेंडीवर निघालं. प्रशांत बिचारा मान खाली घालून गेला.

वाळूने दोन दिवस वाट पाहिली आणि टोकावड्याला जाऊन भिवंडीला फोन केला. शेठ म्हणाला, पाडव्याला हजर हो, नाहीतर दुसरा माणूस ठेवतो. गावातल्या बाकीच्यांनी भेंडीत शेळ्या सोडल्या. मी मात्र रोज पहाटे मोजे घालून शेतात जायचे.

"कोनासाठी खुडतेस गो?" वाळूने विचारलं.

"म्हशीसाठी!"

म्हैस खायचीही. आम्हीही खात होतो. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "आता ताटात भेंडी दिसली तर मी माहेरी जाईन." एकदा पाटी घेऊन धसईच्या बाजारात बसले, तर एक बाई भेंडी चिमटीत धरून म्हणाली, "पाळन्यातली पोरा उचलून आनलीस काय गो?" पाटी तशीच परत आली. मी रागाने दुसऱ्या दिवशी आणखी लवकर उठले.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी वाळूने पिशवी भरली.

"मोजे दे."

"नाय देनार. मला लागतात."

तो मोज्यांशिवायच एसटी पकडायला गेला. मी शेतात गेले आणि रडत रडत खुडू लागले. पुढच्या पेरणीपर्यंत घर पुन्हा रिकामं होणार होतं. भेंडी लावायचा हट्ट माझाच, त्यामुळे बोलायचं तरी कुणाला?

निम्मं शेत झालं होतं, तेवढ्यात बांधाशी हॉर्न वाजला. प्रशांतचा टेम्पो! आणि त्यातून पिशवीसकट वाळू उतरत होता.

"वयनी, तिकडचा भांडान मिटला!" प्रशांत लांबूनच ओरडला. "जकात उतरली, आजच माल मागितलाय. सकाळपासून फिरतोय, सगळ्यांची शेता जून नायतर उपटलेली. थांब्यावर वाळूदादा दिसला. इचारला, कोवळी भेंडी हाय का कोनाची? तर म्हनतो, माझी बायको येडी हाय, ती रोज खुडते."

मी तिथेच सरीत बसले. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं वाटलं, आणि हसू येतंय की रडू, तेच कळेना. म्हशीचं नाव पुढे केलं होतं, पण खुडत होते ती याच्याचसाठी. हा घरी राहावा म्हणून.

वाळूने पिशवी बांधावर ठेवली, माझ्यापुढे हात केला. मी डाव्या हातातला मोजा काढून दिला. तो त्याने हातात चढवला आणि शेजारच्या सरीत वाकला.

थोडं पुढे गेल्यावर वर न बघताच म्हणाला, "मग आज म्हैस काय खानार गो?"