खांद्याखालची फट

पंचकाकांच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता. काका तेवढे अजून कामावर होते.

निघताना बायको म्हणाली होती, "अहो, वाकता येत नाही, तर टेबलावर बसून गुण तरी मांडा."

"टेबलावरून खांदे दिसत नाहीत गं," म्हणत त्यांनी शिट्टी गळ्यात अडकवली होती.

खरंच आहे ते. वरून पाहिलं की प्रत्येक खांदा टेकलेलाच वाटतो. म्हणून कुस्तीच्या पंचाला आडवं व्हावं लागतं, गाल मॅटला लावून खांद्याखाली फट आहे का ते बघावं लागतं. शाळा-शाळांच्या कोंदट हॉलमध्ये असं लोळण्यात काकांची उभी हयात गेली होती.

दुपारी मुलींची उपांत्य कुस्ती लागली. एक ताडमाड, दुसरी चपळ, सगळे तिला खार म्हणत. खारीचं शाळेतलं हे शेवटचं वर्ष. अंतिम फेरी तिनं एकदाही गाठली नव्हती. आणि आज तिनं त्या उंच मुलीला असं काही उचलून आपटलं, की हॉल उठून उभा राहिला.

"चीत! चीत!"

काका खाली झुकले. एक गुडघा टेकला, दुसरा मात्र अडून बसला. हातावर भार देत, कण्हत ते पोचले, तोवर उंच मुलगी कुशीवर वळली होती. खांद्याखाली बोटभर फट होती. मघाशी होती की नव्हती?

चीत दिल्याची खूण म्हणून मॅटवर मारायला उचललेला हात तसाच राहिला. मारला असता तरी कुणी हूं की चूं केलं नसतं. पण त्यांनी पाहिलं नव्हतं.

उंच मुलगी सुटली आणि गुणांवर जिंकली.

"काका, आंधळी कोशिंबीर खेळताय का?" खारीचे कोच ओरडले. असलं काकांनी पुष्कळ पचवलं होतं.

खार नळाशेजारच्या पायरीवर बसली होती. भिंतीचा आधार घेत काका तिच्याजवळ बसले.

"टेकले होते, काका. मला हाताखाली कळलं."

"असतील, बाळा. मी वेळेत खाली पोचलो नाही. न पाहिलेलं कसं देणार?"

"म्हणजे माझा डाव बरोबर होता?"

"अगदी बरोबर. कमी पडलो तो मी."

"मग मी काय करू त्याचं?" तिचा आवाज चिरकला. "तुमची पुढच्या वर्षी स्पर्धा आहे. माझी नाही."

काका गळ्यातल्या शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले.

आतून संयोजक धावत आले. "काका, चला, फायनल लावायचीय!"

काकांनी शिट्टी काढून त्यांच्या हातात दिली. "कुणातरी तरुण पंचाला उभा करा. माझ्याच्यानं वाकवत नाही."

"अहो, एकच तर कुस्ती राहिलीय!"

"त्या कुस्तीसाठीच म्हणतोय."

संयोजक डोकं खाजवत परत गेले. नाक पुसून खारही आत गेली. काका मात्र पायरीवरच बसून राहिले, कारण उठायला कुणाचा तरी हात लागणार होता, आणि सगळे आत फायनल बघत होते.